दत्तक आणलेल्या कुत्र्याला निरोप देताना: पहिल्यांदाच ही वेळ आलेल्यांसाठी

भुरी शेवटच्या आठवड्यातही भांडं चाटूनपुसून लख्ख करायची. तिथेच मी फसले. "खाणं सोडलं की समजायचं," असं जो तो सांगत होता आणि ही तर खात होती. पाठीचे मणके हाताला लागत होते, रात्रीत चार-चारदा जागा बदलत होती, पण भांडं वाजलं की मान वर. जिने पिल्लूपणी उपास काढलेत ती मरता मरताही समोरचा घास सोडणार नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

निरोपाबद्दलचे, म्हणजे बरं न होणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांच्या इंजेक्शनने शांतपणे मरण देण्याबद्दलचे, सल्ले बहुतेक वेळा डोळे उघडल्यापासून घरात वाढलेल्या कुत्र्याला धरून दिलेले असतात. आपल्याकडे आलेल्या कुत्र्याची आधीची वर्षं आपण पाहिलेली नसतात आणि शेवटच्या दिवसांत नेमकी तीच वर येतात. त्या हिशेबाने पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. कुत्रं अजून धडधाकट असेल तर आत्ताच वाचून ठेवा. त्या दिवशी काही वाचवत नाही.

१. वय विसरा, वही घाला

दत्तक घेताना कागदावर लिहिलेलं वय म्हणजे दातांवरून बांधलेला अंदाज. पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन जातात, तोवर हा अंदाज बरोबर निघतो. पुढे मात्र झीज आणि दातांवर साचलेलं किटण बघूनच बोलायचं. दगड चघळत, मिळेल ते खात वाढलेल्या कुत्र्याचे दात वयापेक्षा म्हातारे दिसू शकतात. तेव्हा "अजून आठच वर्षांची आहे, इतक्यात कसं काय?" हा वाद स्वतःशी घालू नका. त्या आठाला काही आधार नाही.

त्यापेक्षा एक वही करा. पशुवैद्यक आणि कर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबॉस यांनी २००४ मध्ये एक सोपी गुणपद्धत मांडली. ती जगभर वापरतात. सात गोष्टी बघायच्या: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला ० ते १० गुण, दहा म्हणजे सगळ्यात बरं (वेदनेत दहा म्हणजे वेदना नाही). सत्तरपैकी ३५ च्या वर बेरीज येत असेल तर जगणं सुसह्य आहे असं धरतात. वेदनेच्या गुणांमध्ये श्वासाचाही विचार येतो, कारण दम लागणं हीसुद्धा वेदनाच.

दत्तक कुत्र्यासाठी मी या तक्त्यात दोन बदल सुचवेन. हे माझं मत, शास्त्र नव्हे. भुकेला जास्त वजन देऊ नका, कारण वर सांगितलं तेच. आणि 'आनंद' या खान्यात सर्वसाधारण काही न लिहिता तुमच्या कुत्र्याच्या तीन ठरावीक सवयी लिहा. भुरीच्या होत्या अशा: कुलपात किल्ली फिरली की दाराशी येणं, उन्हाचा पट्टा सरकेल तसं सरकणं, आणि पांघरूण पायाने उकरून त्याचा गोळा करणं. यातली पहिली गेली तेव्हा म्हटलं, कान गेले असतील. दुसरी गेली तेव्हा म्हटलं, ऊन कडक आहे. तिसरी गेली तेव्हा कारण सापडेना.

रोज रात्री एक ओळ, एक बेरीज. एखाद्या दिवशी २८ येऊन दुसऱ्या दिवशी ४० आली तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. दोन-तीन आठवड्यांचा कल बघायचा.

२. न बोलणारं दुखणं ओळखा

उघड्यावर राहिलेलं कुत्रं लंगडलं तर त्याची जागा जाते, घास जातो. त्यामुळे कण्हणं, केकाटणं ही लक्षणं अशा कुत्र्यात सहसा दिसत नाहीत. दिसतं ते बारीकसारीक. बसल्या जागी धापा टाकणं, एकच सांधा सारखा चाटणं, बसण्याआधी गोल गोल फिरणं आणि तरी न बसणं, रात्री अस्वस्थ होणं, पायरीपाशी येऊन थांबणं. कधी कधी नेहमी अंगाला चिकटून झोपणारं कुत्रं एकाएकी पलंगाखाली जाऊन बसतं.

घरच्या घरी दोन गोष्टी तपासता येतात. गाढ झोपेत असताना छातीचं वर-खाली होणं एक मिनिट मोजा. सलग काही दिवस तिसाच्या वर येत असेल तर डॉक्टरांना फोन करा, हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असू शकतो. दुसरं, ओठ वर करून हिरड्या बघा. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. फिकट, पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या तर थांबू नका. (काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.) मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि पाणी कमी झालंय का ते बघायचं, अशीही एक रीत आहे, पण म्हाताऱ्या, वाळलेल्या कुत्र्याची कातडी तशीही सावकाश बसते. हिरडीला बोट लावून चिकट लागतंय का ते पाहणं बरं.

तिसरी युक्ती माझी मला सापडली. दर रविवारी त्याच जागी, त्याच वेळी कुत्रं उठून उभं राहतानाचा व्हिडिओ घ्या. आपण रोज बघतो म्हणून आपल्याला फरक कळत नाही. आमच्या मार्चमधल्या व्हिडिओत भुरी हाक मारल्यावर चौथ्या सेकंदाला उभी आहे. ऑगस्टमधल्यात पुढचे पाय टेकून ती मागचा भाग उचलायला बघते, परत बसते, माझ्याकडे बघते, शेपूट दोनदा आपटते आणि मग उठते. एकोणीस सेकंद. शेपूट आपटण्याकडेच माझं लक्ष होतं इतके दिवस.

आणि एक ताकीद: आपली डोकेदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन ही औषधं त्यांना घातक ठरतात. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती डॉक्टरच देतात. बऱ्याचदा योग्य औषध मिळाल्यावर दोन-तीन बरे महिने हाताशी लागतात, तेव्हा निरोपाचा विचार करण्याआधी वेदनेवर नीट उपचार झालाय का हे पक्कं करा.

३. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा

शब्दांची थोडी गडबड आहे. इंजेक्शनने दिलेल्या या निरोपाला बरेच जण 'इच्छामरण' म्हणतात. कुत्र्याची इच्छा कुणी विचारलेली नसते, त्यामुळे 'दयामरण' हा शब्द जास्त खरा. घरात आपण 'झोपवणं' म्हणतो. डॉक्टरांशी बोलताना मात्र स्पष्ट शब्द वापरा, नाहीतर त्यांना वाटतं फक्त गुंगी द्यायची आहे.

विचारायचं ते असं. आधी गुंगीचं इंजेक्शन देणार का? नंतर कोणतं औषध? सर्वसाधारणपणे पेंटोबार्बिटल हे भुलीचंच औषध मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. त्याने आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. जिथे ते मिळत नाही तिथे दुसऱ्या भुलीच्या औषधाने गाढ बेशुद्ध करून पुढचं औषध देतात. पोटॅशियम क्लोराइडसारखं हृदय थांबवणारं औषध जाग्या जनावराला देणं मान्य नाही. गाढ भूल आधी हवीच. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

घरी येतील का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, देहाची व्यवस्था ते करतात का, हेही त्याच भेटीत. पैसे शक्यतो आधीच देऊन टाका. रडक्या डोळ्यांनी बिलाच्या खिडकीपाशी उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

४. दिवस ठरवणं

अवघड भाग हाच, आणि इथे दत्तक कुत्र्याचं माणूस जास्त अडतं. "आपण याला वाचवायला आणलं आणि आपणच मारायचं?" हा विचार मला दोन आठवडे झोपू देत नव्हता. सुटका केली म्हणजे आयुष्यभराचा शब्द दिला असं आपण धरून चालतो. पण शब्द दिला होता तो त्याला पुन्हा हालात पडू न देण्याचा. त्या दिवसांत हाल कोण लांबवत होतं, तर मी.

"झोपेतच जाईल आपोआप" यावर फार विसंबू नका. तसं होतं, पण क्वचित. मूत्रपिंड निकामी होणं, हृदयाचा आजार, गाठी यांचा शेवट बहुधा कित्येक दिवसांच्या मळमळीचा, धापेचा किंवा वेदनेचा असतो. प्लीहेवरची गाठ फुटली तर सकाळी खेळलेलं कुत्रं दुपारी पांढऱ्याफटक हिरड्यांनी कोसळतं आणि मग निरोप अनोळखी डॉक्टरांपुढे, धावपळीत होतो.

आमच्या डॉक्टरांनी मला कॅलेंडर समोर ठेवून विचारलं, "पुढचे सात दिवस तिच्यासाठी कसे असतील, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, आजच्यासारखेच, किंवा याहून वाईट. ते काही बोलले नाहीत. मीच शुक्रवारवर बोट ठेवलं.

घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबू नका, ते होत नाही. जो रात्री उठून तिचं अंथरूण बदलतो त्याचं मत जड धरावं.

ठरवलेल्या दिवसाची वाट न बघता लगेच निघायचं ते अशा वेळी: श्वास घेताना मान पुढे ताणून तोंड उघडं ठेवणं, पाच मिनिटांच्या वर चाललेली किंवा एकामागून एक येणारी फिट, पोट फुगून टणक होणं आणि ओकारी येऊनही काही न पडणं, मागचे पाय एकदम लुळे पडणं.

५. घर की दवाखाना

जमत असेल तर घर. दवाखान्याच्या नुसत्या वासाने थरथरणारी कुत्री आपल्याकडे जास्त, कारण त्यांची माणसांशी पहिली गाठ बहुतेक पिंजरा, जाळं, सुई अशा क्रमाने पडलेली असते. डॉक्टर घरी येणार असतील तर त्यांना तीन गोष्टी आधी सांगा: आल्यावर सरळ त्याच्यावर वाकू नका, जमिनीवर बसा, सोबत एकापेक्षा जास्त माणसं आणू नका, आणि कुठे हात लावलेला खपत नाही ते. भुरीच्या मागच्या डाव्या पायाला आम्ही दहा वर्षांत हात लावू शकलो नव्हतो. सुई पुढच्या पायात बसवायची असं फोनवरच ठरलं.

फार भित्र्या कुत्र्यासाठी घरून निघण्याआधी द्यायची शांत करणारी गोळी डॉक्टर देऊ शकतात. ती आधी एखाद्या दिवशी देऊन बघा, प्रत्येकावर सारखी चालत नाही. चावायची भीती असेल तर मुसकी घालावी लागते. गुंगी चढली की ती काढायला सांगा.

दवाखान्यातच न्यायचं असेल तर शेवटची वेळ मागून घ्या, आत बोलावेपर्यंत गाडीत थांबा आणि टेबलाऐवजी जमिनीवर स्वतःचं अंथरूण घाला. बरेच डॉक्टर गाडीतही इंजेक्शन द्यायला तयार होतात.

६. आदला दिवस

मोठे बेत करू नका. आयुष्यभर "नाही" म्हटलेली एखादी चव थोडीशी द्या. पोटभर नको, गुंगीच्या इंजेक्शनने काहींना उलटी होते. लांबच्या सहली, पाहुण्यांची रांग, फोटोंसाठी टोप्या, हे सगळं माणसांसाठी असतं. थकलेल्या कुत्र्याला आवडीच्या कोपऱ्यात पडून तुमच्या पायाचा वास आला तरी पुरतो.

पंजाचा ठसा हवा असेल तर आदल्याच दिवशी घ्या. केसांची बट कापायची तीही. अंथरुणावर जुने टॉवेल दोन-तीन पदरी घाला. ज्या पांघरुणात त्याला गुंडाळणार ते वेगळं काढून ठेवा.

७. तो अर्धा तास

पहिलं इंजेक्शन कातडीखाली किंवा स्नायूत. क्षणभर झोंबतं, काही कुत्री दचकतात. मग पाच ते पंधरा मिनिटांत डोकं जड होत जातं. बोलायचं असेल ते या आधी बोला, गुंगी चढल्यावर त्याच्यापर्यंत फार पोचत नाही. नेहमीच्या आवाजात, नेहमीचे शब्द. आम्ही भुरीला झोपताना रोज म्हणायचो तेच म्हटलं, "चल, दिवा बंद." ती कान हलवायची तसा एक कान हलला.

मग पुढच्या पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतात. आजारी कुत्र्याचा रक्तदाब उतरलेला असतो, शीर सापडायला वेळ लागू शकतो. डॉक्टर चुकतायत असं मनात आणू नका, कुत्र्याला ते कळत नसतं. त्यानंतरचं औषध आत गेल्यापासून बहुधा एक-दोन मिनिटांत सगळं थांबतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकतात आणि सांगतात.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. डोळे मिटत नाहीत, कारण पापण्या मिटायलाही स्नायूंचं बळ लागतं. लघवी-शी होऊ शकते, टॉवेल त्यासाठीच. आणि हृदय थांबल्यानंतरही कधी कधी एखादा मोठा श्वास येतो, कातडी किंवा पाय फडफडतो. मी त्या श्वासाला किंचाळले होते. डॉक्टरांनी पुन्हा स्टेथोस्कोप लावून मला ऐकवलं, आत शांत होतं. ती स्नायूंची उरलीसुरली हालचाल असते, जाग नसते.

बघवत नाही म्हणून बाहेर जाऊन बसणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण जमलं तर थांबा. निदान गुंगी पूर्ण चढेपर्यंत तरी. आपल्या कुत्र्याने एकदा कुणीतरी पाठ फिरवून निघून गेलेलं पाहिलेलं असतं. घरातल्या ज्या माणसाला ते सगळ्यात जास्त चिकटलेलं आहे, त्याने डोक्यापाशी बसावं.

८. देहाचं काय

काही तासांत अंग ताठ होतं, म्हणून लगेच पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं वळवून ठेवा. डोक्याखाली आणि शेपटीखाली टॉवेल. थंड जागेत ठेवा, उकाडा असेल तर त्याच दिवशी उरका.

पुरायचं असेल तर जागेची परवानगी आणि स्थानिक नियम आधी विचारा. खड्डा निदान तीन-चार फूट खोल, विहिरीपासून आणि वाहत्या पाण्यापासून लांब. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड पुरे. खोलीचा आग्रह यासाठी की पेंटोबार्बिटल देहात दीर्घकाळ टिकतं. कुणी उकरून खाल्लं तर ते जनावर किंवा पक्षीही मरतो. दहन करायचं असेल तर एकट्याचं की इतरांसोबत ते विचारा. राख फक्त पहिल्या प्रकारात आपली म्हणून मिळते.

९. घरात उरलेले

लहान मुलांना "झोपली" किंवा "लांब गेली" असं सांगू नका. पहिल्याने त्यांना झोपायची भीती बसते, दुसऱ्याने ती दारात वाट बघत बसतात. मेली, शरीर चालायचं थांबलं, आता दुखत नाही, परत येणार नाही. एवढंच, पण खरं.

दुसरं कुत्रं असेल तर त्याला देह हुंगू द्या. काही नुसतं हुंगून निघून जातात, काही तिथेच बसतात. 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या एका इटालियन अभ्यासात, सोबतचं कुत्रं गमावलेल्या ४२६ मालकांना प्रश्न विचारले होते. ८६ टक्क्यांनी सांगितलं की मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात वाईट बदल दिसले: खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसाच्या मागे मागे राहणं. यात मालकाच्या दुःखाचाही रंग असणार, तरी बघण्यासारखं आहे. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा जशाच्या तशा ठेवा. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे.

१०. नंतरची कामं

उरलेली औषधं गटारात टाकू नका, दवाखान्यात परत द्या. न उघडलेला खाऊ, चांगली पांघरुणं निवाऱ्याला चालतात. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदणीत मृत्यू कळवा, परवाना असेल तर तोही बंद करा. लसीकरणाची आठवण करणारे निरोप फोनवर येत राहतात आणि ते भलत्याच वेळी येतात.

भांडं-गादी कधी उचलायची याला नियम नाही. कुणी त्याच संध्याकाळी उचलतं. आमचं भांडं सात आठवडे तिथेच होतं आणि मी रोज ते विसळत होते. "कुत्रंच होतं ना" म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात दम घालवू नका, ज्याने स्वतः कुत्रं पुरलंय अशा कुणाशी तरी बोला. दुसरं कुत्रं आणायची घाई नको आणि "आता कधीच नाही" अशी शपथही नको.

एक काम मात्र जरूर करा. ज्यांच्याकडून कुत्रं आणलं त्यांना कळवा. त्यांच्याही वहीत त्याची एक ओळ असते आणि ती बहुधा अर्धीच राहिलेली असते. शिवाय आल्या दिवशीचा फोटो त्यांच्याकडे आहे का ते विचारा. आम्हाला तो भुरी गेल्यावर चौथ्या दिवशी आला. भिंतीला पाठ लावून, शेपूट पोटाखाली घेऊन बसलेली, कान सपाट. मागच्या डाव्या पायावर कापडाची पट्टी, नीट गाठ मारलेली. ती तिथे येण्याआधीच कुणीतरी बांधलेली होती म्हणे. कुणी, ते तिथेही कुणाला माहीत नव्हतं.